अर्धी ढोली उदमांजराची

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. वाघ होता, वाघाचा दरबार होता, दरबारात कायदे होते. फक्त त्या कायद्यांना दात नव्हते. दात बाकी सगळ्यांना होते.

त्या जंगलात दामोदर नावाचा एक धनेश राहायचा. धनेश म्हणजे तो मोठ्या पिवळ्या चोचीचा पक्षी, ज्याच्या चोचीवर आणखी एक चोच पालथी ठेवल्यासारखी दिसते. दामोदर साधा होता. कुणी गोड बोललं की त्याला वाटायचं, समोरचा गोडच असणार. त्याची बायको मथुरा. तिला असं काही वाटायचं नाही.

धनेशांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि दोघं मिळून ढोलीचं तोंड लिंपून टाकतात. चिखल, उंबराचा गर, विष्ठा, चोचीला येईल ते. एक बारीक फट तेवढी ठेवतात. आत बायकोच्या पंखांची पिसं झडतात आणि तिला उडता येत नाही. नवरा दिवसभर फळं आणतो आणि फटीतून भरवतो. नवी पिसं आली, पिल्लू जरा सावरलं, की ती आतून चोचीनं लिंपण फोडते आणि बाहेर येते.

हे पिढ्यानपिढ्या असंच चाललंय. यात कुणाला काही गैर दिसत नाही. तुम्हालाही दिसलं नसेल. थांबा, दिसेल.

तर, लग्न झालं आणि दामोदर-मथुरेला ढोली हवी झाली. पण जंगलात ढोल्या कमी आणि जोडपी जास्त. शेवटी नदीकाठच्या उजाड माळावर, एका जुन्या बेहड्याच्या झाडात एक ढोली विकायला निघाली. मालक म्हणजे एक म्हातारं घुबड. ते मुलाकडे पलीकडच्या खोऱ्यात निघालं होतं. त्यानं शंभर टोपल्या उंबरं मागितली. दामोदरकडे निम्मीही नव्हती.

तो माकडांच्या पतपेढीत गेला. माकडांनी दोन जामीनदार मागितले. ते आणल्यावर तिसरा मागितला. वर दर पौर्णिमेला व्याज सांगितलं आणि दात विचकून सांगितलं. पण माकडांचं एक होतं. घ्यायचं ते तोंडावर सांगायचे.

"महाग पडेल," दामोदर म्हणाला.

"पडेल," मथुरा म्हणाली. "पण किती महाग ते तरी कळलं."

नेमके त्याच दिवशी सुगंधराव भेटले.

सुगंधराव म्हणजे उदमांजर. लांब शेपटीचं, फळं खाणारं, अंगाला अत्तरासारखा वास येणारं जनावर. तो वास इतका छान, की ते शेजारी येऊन बसले की आपण कुणाच्या तरी लग्नाला आलोय असं वाटायचं.

"दामोदरपंत, ऐकलं ते खरं का?" सुगंधराव कळवळून म्हणाले. "तुमच्यासारख्या घरंदाज पक्ष्याकडे माकडांनी जामीनदार मागितले? काय दिवस आले!"

"तुमच्याकडे व्याज किती?" दामोदरनं विचारलं.

सुगंधरावांनी दोन्ही कानांवर पंजे ठेवले. "छे छे! तो शब्द आमच्या दारात काढायचा नाही. आम्ही व्याज घेत नाही."

"मग काय घेता?"

"मुद्दल द्या. तेही सावकाश, हंगामाहंगामानं. आणि पुढेमागे तुमच्या ढोलीची किंमत वाढली, तर त्या वाढीतला अर्धा आनंद आम्हाला द्या."

"अर्धा आनंद?"

"वाढली तरच हं! नाही वाढली तर एक देठसुद्धा नको. मी तुमचा सावकार नाही, दामोदरपंत. मी तुमचा भागीदार आहे."

दामोदरचे डोळे भरून आले. मथुरा फांदीवर बाजूला बसली होती. ती म्हणाली, "अहो, हे उदमांजर व्याज खात नाही, मग खातं काय?"

"ऐकू आलं वहिनी," सुगंधराव हसले. "आणि फार आवडलं. असेच चौकस ग्राहक आम्हाला हवेत."

"आवडलं ते ठीक. उत्तर काय?"

"आणि किंमत उतरली तर?" दामोदरनंही धीर करून विचारलं. "तोट्यातही अर्धे भागीदार ना?"

सुगंधरावांनी त्याच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "जंगलात जागेची किंमत कधी उतरली आहे का, पंत?"

मग त्यांनी पोपटाला बोलावलं. त्या जंगलात करार लिहीत नसत. करार पोपट पाठ करायचा आणि दोन्ही बाजूंना म्हणून दाखवायचा. पोपटानं एक मोठा श्वास घेतला आणि सगळ्या अटी त्या एकाच श्वासात म्हणून टाकल्या. मध्येच एक अट अशी होती: राहणाऱ्यानं ढोलीचं तोंड फोडल्यास त्यानं ढोली सोडली असं समजण्यात येईल आणि त्यानंतर वाढीचा हिशेब केव्हाही मागण्याचा हक्क भागीदाराला राहील.

आता नीट ऐका. पुढे सगळं जंगल म्हणालं, दामोदरनं अटी ऐकल्याच नाहीत. हे खोटं आहे. त्यानं ही अट ऐकली होती आणि तिच्यावर विचारही केला होता. स्वतःच्या घराचं तोंड कोण फोडेल? चोर फोडेल. म्हणजे ही अट चोरांसाठी आहे. चांगलीच आहे की!

मथुरा दरवर्षी लिंपण फोडून बाहेर येणार, हे त्याच्या मनात आलंच नाही. कारण धनेशाला ते फोडणं वाटतच नाही. तुमची आई बाळाला घेऊन दवाखान्याच्या दारातून बाहेर पडली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? बाळ आलं म्हणालात. आईनं दार ओलांडलं अशी फिर्याद केली नाहीत.

दामोदरनं मान हलवली. ढोली मिळाली.

पहिल्या हंगामात मथुरा आत बसली, पिल्लू झालं, ती लिंपण फोडून बाहेर आली. सुगंधराव फळं घेऊन अभिनंदनाला आले. त्यांनी पिल्लाला आशीर्वाद दिला. मग खाली पडलेल्या लिंपणाच्या खपल्यांकडे बराच वेळ प्रेमानं बघत राहिले.

"छान फोडलंत हो, वहिनी," एवढंच म्हणाले आणि गेले.

बेहडा तेव्हा माळावर एकटाच उभा होता. किंमत वाढण्यासारखं तिथं काही नव्हतं.

पण दामोदरला एक सवय होती. सवय कसली, जन्मच तो. दूरदूरच्या रानात जायचं, उंबर, जांभूळ, वड, जे मिळेल ते खायचं आणि घराजवळ येऊन बिया टाकायच्या. सगळे धनेश तेच करतात. त्यासाठी त्यांना कुणी पगार देत नाही, पुरस्कार देत नाही, त्यांच्या हस्ते रोपं लावून घेऊन छायाचित्रही काढत नाही. दामोदर बिया टाकत गेला आणि काही पावसाळ्यांत त्या उजाड माळावर रान उभं राहिलं. सावली झाली म्हणून हरणं आली. हरणं आली म्हणून वाघमहाराज आले. महाराज आले म्हणून दरबार आला. आणि दरबाराशेजारी ढोली हवी म्हणून जंगलातली सगळी बडी मंडळी नदीकाठाला घिरट्या घालू लागली.

एवढ्या वर्षांत सुगंधराव एकदाही आले नाहीत. मथुरा दरवर्षी आत बसत होती, दरवर्षी बाहेर येत होती. दामोदर दर हंगामाला मुद्दलाची उंबरं पोचवत होता. शेवटची टोपली पोचवली त्या दिवशी तो घरी आला तो नाचतच.

"मथुरे, ढोली आपली झाली!"

मथुरा तेव्हा आतच होती. नुकतंच अंडं घातलं होतं. फटीतून तिची चोच तेवढी दिसली. "ओरडू नका. कुणीतरी येतंय. वास येतोय."

सुगंधराव येत होते. बरोबर पोपट आणि एक सुतारपक्षी होता. सुतारपक्षी खोडावर चोच ठोकून घराची किंमत सांगायचा. जंगलात त्याच्या शब्दाला मान होता, कारण दुसरं कुणी ठोकून सांगत नव्हतं. तो सुगंधरावांच्याच आंब्यावर भाड्याशिवाय राहायचा, पण हा त्याचा खासगी प्रश्न होता.

टक, टक, टक. "नऊशे टोपल्या," सुतारपक्षी म्हणाला. "माझी फी वेगळी. ती घरमालकाकडून."

"अभिनंदन, पंत!" सुगंधराव म्हणाले. "शंभराची ढोली नऊशेची झाली. वाढ आठशेची. आमच्या आनंदाचा वाटा चारशे टोपल्या."

दामोदर खाली फांदीवर बसला. "पण... मुद्दल तर फिटलं."

"मुद्दलाचं कोण बोलतंय?"

"आणि मी ढोली कुठं सोडलीय? मी इथंच आहे की!"

"वहिनींनी तोंड फोडलं होतं ना? पहिल्याच वर्षी. मी स्वतः पाहिलंय."

"मग त्याच वर्षी का नाही बोललात?"

सुगंधरावांना खरंच आश्चर्य वाटलं. "त्या वर्षी वाढ कुठं होती?"

"हे रान मी लावलंय!" दामोदर ओरडला. "एकेक बी मी आणलीय! तुम्ही एक तरी बी टाकलीत का?"

"म्हणजे वाढ झाली हे तुम्हाला मान्य आहे," सुगंधराव शांतपणे म्हणाले. "पोपटा, पाठ कर. वाढ मान्य."

"वाढ मान्य, वाढ मान्य," पोपट म्हणाला.

"येत्या अमावास्येपर्यंत द्या. नाहीतर वहिनींना बाहेर यायला सांगा. दरबारातले एक कोल्हे बघायला येणार आहेत."

"तिला पिसं नाहीत! आत अंडं आहे! बाहेर आली तर खाली पडेल!"

"त्याचा अटींमध्ये उल्लेख नाही," सुगंधराव हळहळत म्हणाले.

तेव्हा फटीतून मथुरेचा आवाज आला. "सुगंधराव, बाहेर का उभे? आत या की. अर्धी ढोली तुमची ना? मग अर्धं अंडं उबवा."

सुगंधराव हसले नाहीत. ते गेल्यावरही वास बराच वेळ तिथंच राहिला.

दामोदर तडक नियमन चौकीवर गेला.

कर्ज घेणाऱ्यांच्या रक्षणासाठी महाराजांनी एक चौकी काढली होती. तिथं साळिंदरसाहेब बसायचे. त्यांची निवड सर्वानुमते झाली होती, कारण अंगभर काटे असलेलं दुसरं कुणी त्या जागेसाठी आलंच नव्हतं. दामोदरनं सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता साहेबांचे काटे उभे राहिले. मग ते थरथरू लागले. मग असा काही खडखडाट झाला, की बाहेरच्या झाडावरचे बगळे उडाले.

"अन्याय!" साहेब गरजले. "भयंकर! कर्जदाराची अशी पिळवणूक! सोडणार नाही मी!"

दामोदरला धीर आला.

"फक्त एक सांगा," साहेब काटे पाडत म्हणाले. "हे कर्ज आहे का?"

"म्हणजे काय? मी घेतलं, मी फेडलं!"

"सुगंधराव म्हणतात, ही भागीदारी आहे. माझ्याकडे फक्त कर्जांच्या तक्रारी येतात."

"साहेब, भागीदारी असेल तर तोट्यातही त्यांचा अर्धा वाटा हवा ना?"

"नाही, तोटा झाला की ते कर्ज."

"मग तोटा झाल्यावर येऊ तुमच्याकडे?"

"तोटा झाला तर सुगंधराव काही मागणारच नाहीत. मग तक्रार कसली करणार तुम्ही?" साहेबांनी त्याच्याकडे करुणेनं पाहिलं. "बघा, मला तुमची फार काळजी आहे. पण माझा अधिकार कुठं सुरू होतो हे ठरवण्याचा अधिकार मला नाही."

दामोदर हात हलवत, म्हणजे पंख हलवत परत आला असता. पण चौकीबाहेर टिटवी बसली होती. टिटवीचं काम ओरडण्याचं. तिनं सगळं ऐकलं आणि ती ओरडत सुटली. "बाळंतिणीला ढोलीबाहेर काढतायत! बाळंतिणीला ढोलीबाहेर काढतायत!" एरवी टिटवीकडे कुणी लक्ष देत नसे. ती नेहमीच ओरडते, असं म्हणून सगळे कूस बदलायचे. पण ह्या वेळी शेकरू म्हणाली, माझ्याकडेही भागीदार आहे. घोरपड म्हणाली, माझ्याकडेही. मुंगूस म्हणालं, म्हणजे भागीदार असला की असं होतं? निम्म्या जंगलाच्या घरात सुगंधरावांचा अर्धा आनंद निघाला.

गलका दरबारापर्यंत गेला. महाराजांची दुपारची झोप मोडली. महाराज म्हणाले, "नियम करा. कडक करा. संध्याकाळपर्यंत शांतता हवी."

मग काय विचारता, मुलांनो! साळिंदरसाहेबांनी सर्व संबंधितांची मतं मागवली. संबंधित म्हणजे सुगंधराव, सुगंधरावांचे मेहुणे, पोपटांचा संघ आणि तो सुतारपक्षी. कर्जदारांच्या वतीनं बोलायला मथुरेला बोलावणं धाडलं. ती लिंपलेल्या ढोलीत होती, म्हणून येऊ शकली नाही. 'कर्जदार उदासीन' अशी नोंद झाली.

सुगंधरावांनी सुंदर भाषण केलं. म्हणाले, "आम्हाला नियम हवेतच. आम्हीच मागत होतो. पण नव्या कल्पनेचा गळा दाबू नका. गरिबाला ढोली कुणी दिली? आम्ही दिली. दोष कराराचा नाही, दोष अडाणीपणाचा आहे. आम्ही खर्च करून जंगलभर कर्जसाक्षरतेची शिबिरं घेऊ." टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी साळिंदरसाहेबांनी वाजवल्या.

नियम जाहीर झाले ते पोपटानं झाडाझाडावर फिरून सांगितले. दामोदर ते ऐकून ढोलीवर परतला आणि फटीला तोंड लावून बसला.

"काय झालं?" मथुरेनं विचारलं.

"आपलं संरक्षण झालं," तो म्हणाला.

"किती वाईट?"

"यापुढे पोपटानं अटी एकदा नाही, तीनदा म्हणायच्या. आणि प्रत्येक वेळी आपण 'समजलं' म्हणायचं. म्हटलं की पुन्हा तक्रार करायची नाही."

"बरं. आणि तो वाटा?"

"वाट्याला कमाल मर्यादा घातलीय. वाढीच्या पाऊण भागाहून जास्त कुणी घ्यायचा नाही."

"पण आपला तर अर्धाच होता!"

दामोदरनं चोच फांदीवर घासली. मग म्हणाला, "सुगंधरावांनी कायद्याचा मान राखला. सगळ्यांचे वाटे पाऊण केले. आणि नव्या नियमांचं संरक्षण जुन्या कर्जदारांनाही मिळावं म्हणून ते मागच्या तारखेपासून लागू आहेत."

मथुरेनं आतून लिंपणावर एकदा चोच आपटली.

"माकडांकडून उंबरं उसनी आणून देऊ का?" दामोदर म्हणाला.

"आणा."

"पतपेढी बंद पडली. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक कर्जाला पोपट लागतो. माकडांना पोपट परवडत नाही."

"रान तुम्ही लावलंत ते नाही सांगितलंत?"

"सांगितलं. कर्जदारानं केलेली सुधारणा वजा करून मिळते. पण बी टाकताना सुतारपक्षी हजर असायला हवा होता."

"काही म्हणजे काहीच मिळालं नाही?"

दामोदरनं आठवून पाहिलं. "दोन गोष्टी. एक म्हणजे दोन पौर्णिमांची मुदत. आणि मुदत संपताना दुसऱ्यांदा किंमत ठोकून घेण्याचा हक्क. फी आपलीच."

फटीतून मथुरेची चोच बाहेर आली. हळूहळू, विचार करत.

"दुसऱ्यांदा ठोकणार?"

"हो."

"आणि जी किंमत निघेल तीच धरणार?"

"तीच."

"अहो," मथुरा म्हणाली, "मग ठोकण्यासारखं काही ठेवू नका."

दामोदरला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याला फांदीवर बसवेना. तो उडाला, रानावरून एक फेरी मारून आला, पुन्हा बसला. "मथुरे, हे घर आहे आपलं."

"म्हणूनच."

माळाच्या टोकाला वाळवीचं वारूळ होतं. दामोदर तिथं गेला आणि त्यानं अदबीनं हाक मारली. वाळवीची राणी आतून म्हणाली, "हाकलायला आलात?"

"नाही. आमंत्रण द्यायला."

राणीनं आतली सगळी कुरतड थांबवली. "इतक्या वर्षांत कुणी असं बोलावलं नव्हतं हो," ती म्हणाली.

वाळवी आली. सहकुटुंब आली. बेहड्याच्या बुंध्यापासून वर चढू लागली. दामोदर सकाळी मथुरेला भरवायचा आणि दुपारी रानात उतरायचा. आपणच टाकलेल्या बियांची रोपं, आपल्याच चोचीनं, मुळासकट उपटायची. मोठी झाडं त्याला उपटता येईनात. मग तो त्यांच्या फांद्यांवर बांडगुळाच्या बिया चिकटवायचा. उंबरं पिकायच्या आत कच्चीच तोडून नदीत टाकायचा. सावली विरळ झाली तशी हरणं दुसरीकडे चरायला लागली. घरी येऊन तो एक शब्द बोलायचा नाही.

"आवाज येतो का?" तो एकदा फटीशी म्हणाला. "आत. खोडात."

"येतो," मथुरा म्हणाली. "रात्रंदिवस."

"कसला वाटतो?"

"घर स्वस्त होतंय."

पण एक प्रश्न होता आणि तो दोघंही मोठ्यानं विचारत नव्हते. पिल्लू अंड्यातून आलं होतं. मथुरेची पिसं अजून पुरती फुटली नव्हती. वाळवी काही करार पाळणारी नव्हती. तिला थांब म्हटलं तर ती थांबणार नव्हती. पुरेसं सडेल तिथं थांबायचं, असं झाडाला सांगता येत नाही. वारा सुटला की बेहडा कण्हायचा. दामोदर तेव्हा खोडाला छाती लावून बसायचा, जसा काही तोच झाड धरून ठेवणार होता.

मुदत संपली. सुगंधराव आले. सुतारपक्षी आला, पोपट आला, ढोली घ्यायला निघालेले दरबारातले कोल्हेही आले. नियमांचं पहिलंवहिलं पालन बघायला साळिंदरसाहेब जातीनं आले.

"ठोक," सुगंधराव म्हणाले.

सुतारपक्ष्यानं मान मागे घेतली आणि ठोकलं. टक असा आवाज यायला हवा होता. भस्स असा आला. चोच डोळ्यांपर्यंत आत गेली.

"किंमत?" सुगंधरावांनी विचारलं.

"साहेब, आधी कुणीतरी मला ओढा," सुतारपक्षी खोडातून म्हणाला.

ओढून काढला तेव्हा त्याच्या चोचीवर वाळवी फिरत होती. तो खोकला. त्यानं सुगंधरावांकडे पाहिलं. मग साळिंदरसाहेबांकडे पाहिलं. कोल्हे नाक मुरडून केव्हाच चालू लागले होते. खोटं बोलायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं.

"वीस टोपल्या," तो म्हणाला. "कुणी सरपणाला घेतलं तर."

"शंभराची ढोली वीसची झाली," दामोदर म्हणाला. "वाढ नाही. ऐंशीचा तोटा आहे. सुगंधराव, तुमचा पाऊण वाटा साठ टोपल्यांचा. आत्ता देताय की अमावास्येला?"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच सुगंधरावांना घाम आला. आणि घामाबरोबर वास बदलला. आतला खरा वास आला तेव्हा पोपटानंसुद्धा मान फिरवली.

"हा विश्वासघात आहे!" ते किंचाळले. "भागीदाराची मालमत्ता सडवलीत तुम्ही! साहेब, नियम बघा!"

साळिंदरसाहेबांनी काटे उभे केले. त्यांना दोन्हीकडे बघून खडखडाट करावासा वाटत होता. पण कर्जदारानं घर सडवू नये असा नियमच नव्हता. नियम करताना ते कुणाला सुचलंच नव्हतं. कर्जदाराला स्वतःचं घर स्वतःच सडवावं लागेल इतका चांगला कायदा आपण करू, असं कुणाला वाटलं नव्हतं.

"वाढ नाही, वाटा नाही," साहेब नाइलाजानं म्हणाले. "तोट्याबद्दल म्हणाल, तर ते कर्ज. चला."

ते सगळे गेल्यावर काही दिवसांनी मथुरेनं लिंपण फोडलं. पिसं आली होती, थोडी आखूड होती. पिल्लू काठावर येऊन डुगडुगलं आणि उडालं. मागोमाग मथुरा बाहेर आली. तिनं वळून ढोलीकडे पाहिलं. कड चोचीनं दाबली तर भुगा झाला.

"आपली आहे," दामोदर म्हणाला. "पूर्ण आपली."

मथुरेनं भुगा झटकला आणि पुन्हा लिंपता येईल अशी जागा शोधू लागली.

ही बातमी टिटवीनं जंगलभर ओरडून सांगितली. ऐकलेल्यांतलं कुणी मूर्ख नव्हतं. शेकरूनं आपल्या घरट्यात पाणी सोडलं. घोरपडीनं बिळाच्या तोंडाशी मेलेला बेडूक आणून ठेवला. मुंगसानं शेजाऱ्याला विनंती केली, माझ्या घराबद्दल जमेल तितकं वाईट बोलत जा, मीही तुमच्याबद्दल बोलेन. कुणी झाड लावेना. कुणी गळकी फांदी दुरुस्त करेना. कुणाचं घर नीट दिसलं की बाकीचे काळजीनं विचारायचे, "काही अडचण आहे का? भागीदारांना कळलं तर?" सावली गेली तसा दरबार दुसऱ्या खोऱ्यात गेला. सुगंधरावही गेले. तिथं त्यांनी नवी योजना काढली, तिच्यात आता घसरणीतला आनंद वाटून घेतात म्हणे.

वर्षाअखेर साळिंदरसाहेबांनी अहवाल सादर केला. वाढीतल्या वाट्याबद्दल वर्षभरात एकही तक्रार आली नाही. कर्जदारांचं संपूर्ण रक्षण झालं. महाराजांनी त्यांचा सत्कार केला. गळ्यात हार घातला, तो काट्यांत अडकून तिथंच फाटला.

दामोदर अजूनही दूरच्या रानात जातो आणि फळं खातो. पण परत येताना तो नदीवरून वळण घेतो. पलीकडे मोठा काळा कातळ आहे, जिथं काही उगवत नाही. सगळ्या बिया तो त्या कातळावर टाकतो. एकही घराजवळ पडू नये म्हणून चोच दोनदा पुसतो आणि मगच मथुरेकडे येतो.

तात्पर्य: आपले घर कष्टाने सजवणारा कर्जदार स्वतःचाच वैरी असतो. शहाण्याने छप्पर गळके ठेवावे, खोडाला वाळवी पाळावी, दारात सावली होऊ देऊ नये. आणि इतके करून घर राहिलेच, तर ते राखल्याबद्दल कायद्याचे जाहीर आभार मानावेत.